वलांडीवरची निळी फडकी

माझ्याबरोबर सफाईला असणाऱ्या नवसीनं बिस्कीट चहात बुडवलं आणि सहज म्हणाली, "पिवळी फडकी संपली ना मेघालीबाय, तं आमी निळीच नेतो आत." बिस्कीट मऊ पडून कपात गळालं, ती ते बोटानं काढायला लागली, आणि मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. आत म्हणजे पावडर हॉलमध्ये. आमच्या कारखान्यात आत म्हणजे ती एकच जागा. तिच्या दारावर बाईच्या पोटाचं चित्र आहे, गोल भरलेलं पोट आणि त्यावर लाल आडवी रेघ. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून चित्र. दिवस गेलेल्या बाईनं या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. तिथे ज्या गोळ्यांची पावडर बनते त्या बायकांच्याच कसल्याशा दुखण्यावरच्या आहेत आणि चिमूटभर पावडरीत ढीगभर गोळ्या होतात, एवढं आम्हाला ट्रेनिंगच्या साहेबांनी सांगितलं होतं. जास्त आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. "कधीपासून?" मी विचारलं. आवाज माझा मलाच अगदी नीट वाटला, नवसीलाही वाटला असणार, कारण ती वर न बघता म्हणाली, "दिवाळीपासनं. का वो? तुमी धुता ना मंग." हो बाई, धुते. सगळी फडकी मीच धुते.  कपातला चहा मी बेसिनमध्ये ओतला आणि उगीच नळ सोडून उभी राहिले.

धुण्यात काय आहे, पाणी आणि साबण, असं म्हणणारा कुणी भेटला की माझं डोकं फिरतं. ही काही जुन्या साडीची फडकी नव्हेत. मायक्रोफायबर आहे ते. सुती कपड्याबरोबर टाकलंत तर सुताचा भुसा धरून बसतं, मग काच पुसा की भुसाच पसरा. गरम पाणी नको. साबण पातळ आणि अगदी थोडा. कपडे मऊ करायचं ते वासाचं पाणी तर चुकूनही नको, ते त्याच्या लवेवर बसतं आणि फडकं पाणी प्यायचंच सोडून देतं. इस्त्री नाही, भट्टीसारखी धग नाही. गार पाणी, मोकळी हवा, आणि वाळत आलं की झटकायचं. एवढं केलं की वर्षानुवर्षं टिकतं. हे मी दहा वेळा सांगितलं असेल चंद्रभानला. चंद्रभान म्हणजे ठेकेदाराचा माणूस, आमच्यावर देखरेख करणारा. पण दिवाळीच्या गडबडीत त्यानं पिवळी फडकी वाळवायच्या मशीनमध्ये घातली आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. "जल्दी सूख जाएगा." सुकलीच! पापडासारखी कडक होऊन बाहेर आली, लव वितळून गेलेली, हातावर फिरवली तर ओरखडा उठेल अशी. मी सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली. मेल्या, पिवळी आहेत ती, आतली आहेत, त्यांच्यावाचून कसं चालणार? नवीन मागवू म्हणाला. मशीनही बिघडलं, ते दुरुस्त करवून घेऊ म्हणाला. दोन्ही व्हायचं होतं ते अजून व्हायचंच आहे. आणि इकडे निळी आणि हिरवी फडकी तळघरात दोरीवर कुबट व्हायला लागली. निळी म्हणजे ऑफिसची, जिन्याची, काचांची, हिरवी कँटीनची. निळ्यांना वेगळं मशीन नाही, वेगळी टाकी नाही, शेवटचं पाणी तपासायला लॅबवाले येत नाहीत. एकदा गार पाण्यात फिरवायची आणि पिळायची, बस्स. तर त्या कुबट वासानं मला राहवलं नाही आणि मी बोलून गेले. कुणी विचारलं होतं मला? पण जीभ चुरुचुरु चालते ना. म्हटलं, आमच्या गावाला, मुरब्याला, वारा आहे, ओली द्या गोणीत भरून, दुसऱ्या दिवशी मऊसूत करून आणते. चंद्रभाननं गेटवरच्या वॉचमनला डोळा घातला आणि गोणी बाहेर निघाली. कंपनीला त्यातलं काही माहीत नाही.

मुरब्याला आमच्या घरामागे, समुद्राच्या अंगाला, सासूच्या वलांड्या आहेत. उंच बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोरीवर बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेले. यंदा बोंबील आलेच नाहीत म्हणण्यासारखे. विकायला नाहीतच, घरापुरते खालच्या दोऱ्यांवर, वरच्या दोऱ्या रिकाम्या. त्या रिकाम्या दोऱ्यांवर मी फडकी घालायला लागले. आईंनी, म्हणजे सासूनं, नाक मुरडलं, पण वलांडी रिकामी बघणं त्यांनाही जड जात होतं, म्हणून गप्प बसल्या. वारा असा की सकाळी घातलेलं फडकं जेवणं होईतो हलकं होऊन फडफडायचं. चंद्रभाननं एकदा नाकाला लावून बघितलं, "दीदी, मछली जैसा कुछ..." म्हणाला, तर मी म्हटलं, समुद्राचा वास आहे तो, तुमच्या गावाला कुठला समुद्र? तो हसला, मीही हसले. किती खूश होते मी स्वतःवर! आणि मग समिधा आली. समिधा माझी नणंद, केळव्याला दिलेली, आता सातव्यात आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय. गेल्या वर्षी तिचं एक पाचव्या महिन्यात गेलं, म्हणून यंदा तिला कुणी काडी उचलू देत नाही. बसून बसून पोर कंटाळली. म्हणाली, वहिनी, तुझी फडकी तरी घडी करू दे मला, ती काय जड आहेत? मी म्हटलं, कर. मीच म्हटलं. वर शिकवलंसुद्धा. नुसती घडी घालायची नाही समी, आधी दोन टोकं धर आणि झटक, जोरात, कुणाशी भांडल्यासारखी, म्हणजे लव मोकळी होते. तिला त्याचं हसू यायचं. एकेक फडकं तोंडासमोर धरून झटकायची, केळव्याच्या सासूचं नाव घेऊन झटकायची, आणि उतरत्या उन्हात त्यातून बारीक धूळ उडताना दिसायची. मला ती धूळ आवडायची. बघ, म्हणायचे, किती धरून ठेवतं ते, म्हणून तर एवढं महाग. धरूनच ठेवतं ते. त्याचं कामच ते आहे. नळाचं पाणी माझ्या हातावरून वाहत होतं आणि मला तेवढंच दिसत होतं, उन्हातली ती धूळ आणि तिच्यामागे हसणारं समीचं तोंड.

चंद्रभान स्टोअरमध्ये झाडू मोजत होता. मी दार लोटून घेतलं. "नीला कपड़ा अंदर जाता है, तुमको मालूम था?" तो माझ्याकडे बघेना. "दो-चार दिन की बात थी दीदी. नया माल आने ही वाला है." दोन-चार दिवस! दिवाळी जाऊन थंडी पडली. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं आणि तरी माझ्या गोणीत भरलीत? तो म्हणाला, "धुल जाता है ना. आप ही तो धोती हैं. आपसे अच्छा कौन धोएगा?" कधी नव्हे तो माझ्या कामाचा मान ठेवला त्यानं, तोही असा. मी काहीतरी ओरडणार तेवढ्यात तो आवाज खाली आणून म्हणाला, "और गेट के बाहर तो आप ले गईं. मैंने नहीं कहा था. आपने ही बोला, हमारे गाँव में हवा है." खरं होतं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हात उचललाही असेल मी थोडा, पण त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि हातातला झाडू तो सोडत नव्हता. तोही घाबरला होता. मला वाटलं होतं तो म्हणेल, काही नाही हो, तुम्ही उगीच जिवाला लावून घेता, आणि ते तो म्हणालाही, पुन्हा पुन्हा म्हणाला, पण घाबरून म्हणाला. माझी भीती त्यानं दुप्पट झाली. ऑफिसात जाऊन सांगावं तर पहिला प्रश्न हाच, फडकी गेटबाहेर गेली कशी? मी कामाची पाळी संपायची वाट बघितली नाही. डोकं दुखतंय म्हणून निघाले.

बाहेर रस्त्यावर येऊन फोन लावला. समीचा वाजत राहिला. पुन्हा लावला, आईंनी उचलला. "काय गो? आज या येलेला फोन?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, समीला सांगा त्या फडक्यांना हात लावू नको. एवढंच तर होतं. पण मग आई विचारणार, का? आणि का म्हटल्यावर रस्त्यावर उभं राहून मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "बोंबील वाळले का?"  "बोंबलाची तुला कवापासनं येवडी काळजी? वाळले. काल समीनं दोन भाजून खाल्ले, तिला डोहाळेच लागलेत त्येचे. आता बसलीय तुजी फडकी घेऊन, वाऱ्याला." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बरं म्हटलं मी! अगं बाई, मेघाली, तुझी जीभ एरवी एवढी चालते. आणि मग ते बोंबील माझ्या डोक्यात शिरले. खालच्या दोरीवर बोंबील, वरच्या दोरीवर ओली फडकी. सकाळी घालते तेव्हा टोकांना पाणी जमतं आणि ठिबकतं. कुठे ठिबकतं? खाली. आई दोनदा ओरडल्याही होत्या, माज्या बोंबलावर तुजं पाणी नको. त्यांना नुसतं पाणी दिसत होतं. मलाही नुसतं पाणीच दिसत होतं.

मुरब्याची रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही. मी मागच्या सीटवर कडेला बसले आणि माझे हात मांडीवर उताणे ठेवले, कशाला लागायला नकोत म्हणून. बोईसरला कारखान्यात इतकी वर्षं जाते-येते, इथला वास मला कधी येत नाही. आज यायला लागला. गटाराचा वेगळा, धुराचा वेगळा, मधूनच गोडसर, सडक्या फळासारखा एक, तो कुठल्या कारखान्याचा कोण जाणे. शेजारची बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती. तिची कोथिंबीर माझ्या हाताला लागली तसा मी हात झटकन मागे घेतला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचं काही चोरत होते. मी स्वतःशी हिशेब मांडत होते. एकदा धुतलं की किती जातं? पिवळी आम्ही दोनदा धुतो आणि तरी शेवटचं पाणी तपासतात, म्हणजे एकदा धुऊन जात नसणार. पण निळ्यांनी आत किती पुसलं असेल? नुसता दाराचा कडी-कोयंडा पुसला असेल. की सांडलेलं पुसलं असेल? नवसीला विचारायला हवं होतं. नवसीला काय माहीत? ती मोजे, टोपी, तोंडाला कापड, सगळं बांधून आत जाते आणि सांगितलं ते पुसते. बाहेर आली की सगळं काढून टाकते. समीच्या तोंडाला काय बांधलं होतं? काही नाही. ती तर सासूचं नाव घेऊन हसत होती, म्हणजे तोंड उघडं.

आणि गेल्या वर्षीचं आठवलं. समीचं ते गेलं तेव्हा मीच पालघरच्या दवाखान्यात तिच्यापाशी होते, तिच्या नवऱ्याला आत सोडत नव्हते. ती रडली नाही. मला म्हणाली, वहिनी, माझे पाय गार पडलेत, घासून दे. मी घासत राहिले. बराच वेळ घासत राहिले, पाय काही गरम होईनात, आणि मग ती म्हणाली, पुरे, तू दमलीस. असली पोर ती. माझी कूस काही उजवली नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली. कमलेश, माझा नवरा, काही म्हणत नाही, तो बोटीवर जातो आणि येतो, आला की माझ्याशी बरा वागतो. आईही तोंडावर बोलत नाहीत. पण समीची ओटी भरायच्या दिवशी त्यांनी मला हळूच चुलीपाशी पाठवलं, भाताकडं बघ गो जरा, म्हणून. भात झाला होता. मी झालेल्या भाताकडं बघत उभी राहिले. बाहेरून समीचा आवाज आला, "वहिनी कुटं हाय? वहिनी आल्याबिगर मी उटत नाय पाटावरनं."  मला बाहेर जावं लागलं, तिच्या ओटीत नारळ घालावा लागला, आणि तो घालताना माझा हात एवढा थरथरला की बायकांनी ते बघितलं. आता हे त्यांना कळलं की काय म्हणतील? म्हणतील, तेव्हाच हात थरथरला होता तिचा. म्हणतील, स्वतःला नाही म्हणून दुसरीचं बघवलं नाही, आणून ठेवलंन विष मांडीवर. मुरबे केवढं? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात होईल. आणि मी कुणाकुणाला सांगत बसणार की मला माहीत नव्हतं? रिक्षा नांदगावच्या पुढे आली, समुद्राचा वारा आत शिरला, आणि मला एकदम सोपं काहीतरी सुचलं. न सांगायचं. घरी जायचं, फडकी गोणीत भरायची, म्हणायचं कंपनीचं मशीन दुरुस्त झालं, उद्यापासून आणणार नाही. वलांडीवरचे बोंबील मांजराचं निमित्त करून फेकून द्यायचे. बस्स. कुणाला काही कळणार नाही. बाळ छान होईल, बहुतेक होईलच, लोक काय काय खातात-पितात आणि होतातच ना बाळं? आणि नाही झालं नीट, तर तेही कुणाला कळणार नाही. पण डॉक्टरला आत्ता कळलं तर काही करता येईल कदाचित. नंतर कळलं तर? मी न सांगितल्यामुळे ते करायचं राहिलं तर? मी सांगणार होते, मग नव्हते, मग पुन्हा होते. मुरब्याला उतरताना मी शेजारच्या बाईच्या पायावरच पाय दिला आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

घराला वळसा घालून मी थेट मागे गेले. वारा होता. वरच्या दोऱ्या रिकाम्या होत्या, फडकी उतरवून झाली होती, खुर्चीशेजारी त्यांची व्यवस्थित चळत लावलेली, टोकाला टोक जुळवून. मी शिकवलं होतं तसंच. खुर्चीत समी झोपली होती. पाय पसरलेले, एक हात पोटावर, आणि ऊन तोंडावर येऊ नये म्हणून तोंडावर निळं फडकं. ते फडकं तिच्या श्वासाबरोबर आत जात होतं आणि बाहेर येत होतं. नाकापाशी खळगी पडायची आणि भरायची. मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही, बहुतेक क्षणभरच.  मग मी धावले आणि ते फडकं ओढून काढलं, एवढ्या जोरानं की तिचे केस त्यात अडकून ओढले गेले. ती किंचाळून उठली, दोन्ही हात पोटावर. "वहिनी! काय झालं? कमलेशदादा—" तिला वाटलं, बोटीचं काहीतरी झालं. माझ्याकडे बघून दुसरं काय वाटणार? मी नाही नाही म्हणत होते आणि फडकं पाठीमागे लपवत होते. आई आतून धावत आल्या, हाताला पीठ. "काय गो, काय आरडता दोगी?"

तेव्हा मी सांगितलं. धड सांगितलंच नाही. आधी चंद्रभानला शिव्या दिल्या, मग मशीनचं सांगितलं, मग दारावरच्या चित्राचं, मग निळी आणि पिवळी, आणि मध्येच म्हटलं की मला आज कळलं, देवाशप्पथ आज चहाच्या वेळी कळलं. समीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिनं मांडीवरची लव झटकायला हात उचलला आणि तो हवेतच थांबवला. आई माझ्याकडे बघत होत्या. चित्राचं त्यांना बरोबर समजलं. त्यांनी एकदा चळतीकडे बघितलं, एकदा बोंबलांकडे, एकदा समीच्या पोटाकडे, आणि म्हणाल्या, "तुला बगवलं नाय गो. माज्या पोरीचं तुला बगवलं नाय." रिक्षात मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते खरोखर कानावर आलं तेव्हा मी नुसती मान खाली घातली. आई पुढे आल्या, मला वाटलं मारतात. "वर्सभर मी देवाला हात जोडले, आनि तू घरात आनलंस? माज्या वलांडीवर घातलंस?" मी म्हटलं, आई, मला माहीत असतं तर मी माझ्या हातानं— 

"आये, तू थांब जरा," समी म्हणाली. ती खुर्चीतून उठली, पदरानं तोंड पुसायला गेली, मग पदर तसाच सोडून दिला. "त्या पावडरीचं नाव काय वहिनी?" मी म्हटलं, माहीत नाही. "नाव नाय म्हाईत?" आतल्या मालाला नंबर असतो, समी, नाव आम्हाला सांगत नाहीत. "मंग उद्या सकाळी विचारून घे. ऑफिसात जा. नोकरी गेली तर जाऊं दे. आपन पालघरला डॉक्टरणीला नाव सांगू, काय ते ती बगेल." मी मान हलवली. जाईन म्हटलं. नोकरीचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. दवाखान्यात पाय गार पडले तेव्हा बोलली होती तशीच ती आत्ता बोलत होती, हळू आणि नीट, आणि मला तिचे पाय धरावेसे वाटले. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. फडकं मी अजून मुठीत धरून ठेवलं होतं. "वहिनी," ती म्हणाली, "दिवस ऱ्हायलेल्या बाईला त्या दारातून आत सोडत नाय. मंग आतलं धुनारीला कसं चालतं?"

मी म्हटलं, पिवळ्यांना हातमोजे असतात. "आनि निळ्यांना?" निळ्यांना कशाला लागतील, ती तर ऑफिसची. म्हटलं आणि मुठीतल्या निळ्या फडक्याकडे बघितलं. "हे रंग पयल्यापासनं हायत?" नाही, रंग कोरोनानंतर आले. तेव्हा ते ट्रेनिंगचे साहेब आले आणि रंग आले. "त्येच्या आदी?" त्याच्या आधी सगळी पांढरीच होती, आतली-बाहेरची एकत्र, मोठ्या टबात. मशीनही नव्हतं तेव्हा, हातानंच पिळायची, कोपरापर्यंत हात बुडायचे. मी हे सांगत होते आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. "तू लग्नाच्या आदीपासनं जातेस ना तिकडं?" समीनं विचारलं. मी हो म्हटलं. दुपारभर मी सगळ्या वाटांनी जाऊन आले होते, वारा, धूळ, ठिबकणारं पाणी, बोंबील, तिचं नाक, तिचं तोंड. त्या सगळ्यात माझे हात कुठेच नव्हते. मी धुते, एवढंच होतं. पालघरला, विरारला, वसईला, कुठकुठल्या डॉक्टरांकडे गेलो आम्ही इतक्या वर्षांत. त्यांनी पाळीचं विचारलं, माहेरच्या बायकांचं विचारलं, कमलेशचं विचारलं, एकीनं तर मी उपास किती करते तेही विचारलं. दिवसभर तुझे हात कशात असतात, असं कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पाण्यात, म्हणाले असते. असेल किंवा नसेलही तसं, कोण सांगणार मला? पण फडकं माझ्या हातातून गळून पडलं. समीसाठी घाबरले होते ती भीती मला ओळखीची होती. ही नवीन होती.

 आईंच्या हातावरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. त्यांनी समीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या पोटाकडे जाऊन तशीच परत आली नाही, तिथेच थांबली. "चल," त्या म्हणाल्या. मला वाटलं घराबाहेर काढतात. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढत मोरीवर नेलं. समीलाही हाक मारली, ये गो तूबी, तोंड धू आदी. बादलीतून तांब्या भरला, समीच्या तोंडावर, हातांवर पाणी घातलं, मग माझ्या हातांवर. साबणाची वडी घेऊन माझे हात घासायला लागल्या, बोटांमध्ये, नखांत, कोपरापर्यंत, भांडी घासतात तशा जोर लावून. त्या रडत होत्या. मला त्यांना सांगायचं होतं, आई, तुम्ही हात नका लावू, उघड्या हातानं नका, मी धुते माझी. पण मला एवढी भीती वाटत होती की त्यांनी हात सोडू नये असंच वाटत होतं. मी हात तसेच पुढे धरून ठेवले.